मोदक: खायचा नव्हे, वाचायचा

मंडळी, ‘मोदक’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काय आलं ते मला ठाऊक आहे. पण या लेखातला मोदक उकडीचा नाही आणि तळणीचाही नाही. हा आहे देवनागरीतला एक फॉन्ट. नाव माहीत नसलं तरी आपल्यापैकी बहुतेकांनी तो पाहिलेला असणार. गणेशोत्सवाच्या फ्लायरवर, ढोल-ताशा पथकाच्या टी-शर्टवर, बालगोपाळांच्या कार्यक्रमाच्या बॅनरवर जाडजूड, गुबगुबीत, एकमेकांना खेटून बसलेली अक्षरं दिसली, की खुशाल समजावं, हा मोदक!

आपल्या स्मरणिकेत नाटकाचं परीक्षण येतं, पुस्तकाचं येतं, गाण्याच्या मैफलीचं तर हमखास येतं. फॉन्टचं परीक्षण मात्र कधी वाचल्याचं आठवत नाही. आणि त्यात नवल काही नाही. आपण शब्द वाचतो, अक्षराकडे पाहत बसत नाही. पण मी पडलो मुंबईत उपयोजित कला शिकलेला माणूस, आणि इथे आल्यापासून मंडळाचे फ्लायर करायचं काम गळ्यात पडलेलं. तेव्हा हा उद्योग माझ्याशिवाय दुसरं कोण करणार?

मोदक तयार केला मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेच्या सारंग कुलकर्णी आणि मैथिली शिंगरे यांनी. २०१५ च्या सुमारास तो गूगल फॉन्ट्सच्या संग्रहात दाखल झाला. त्याची सुरुवात हातानं रेखाटलेल्या अक्षरांपासून झाली. देवनागरीत आजवर झालेल्या फॉन्टांत हा बहुधा सगळ्यात गुबगुबीत, असं त्याच्या कर्त्यांचंच म्हणणं आहे. मी तरी याहून जाडा पाहिलेला नाही.

अशा फॉन्टला ‘डिस्प्ले फॉन्ट’ म्हणतात. म्हणजे मथळ्याचा, पाटीचा, जाहिरातीचा फॉन्ट. मजकुराचा फॉन्ट हा रोजचा वरणभात. तो अंगी लागतो, पण त्याचं कौतुक कुणी करत नाही. मथळ्याचा फॉन्ट म्हणजे पक्वान्न. त्यानं दोन-चार शब्दांत पाहणाऱ्याला थांबवायचं असतं. त्या दोन-चार शब्दांचा आवाज कसा लागावा, हे तो ठरवतो. ‘या’ हा एकच शब्द आर्जवानं म्हणता येतो, दरडावून म्हणता येतो, हसत म्हणता येतो. मोदक तो हसत म्हणतो.

आता कुणी म्हणेल, अक्षर जाड करण्यात काय मोठंसं? बोल्डचं बटण दाबलं की झालं! इथेच खरी मेख आहे. देवनागरी अक्षराला वाढायला बाहेर जागाच नसते. वर शिरोरेखा, तिच्यावर मात्रा, वेलांटी आणि रफार, खाली उकार आणि ऋकार. म्हणजे वरच्या आणि खालच्या मजल्यांवर आधीच भाडेकरू बसलेले. मग जाडी वाढायची तर आतल्या बाजूनं, अक्षराच्या पोटातली पांढरी जागा खात खात. आणि आपली अक्षरं ओळखू येतात ती तर त्या पांढऱ्या जागेमुळे! ‘व’च्या पोटात एक तिरकी रेघ आली की ‘ब’ होतो. ‘प’च्या पोटात आली की ‘ष’ होतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’, ‘थ’ आणि ‘य’ या जोड्यांतला फरक जेमतेम एका गाठीचा, नाहीतर शिरोरेखेतल्या एका खंडाचा. काळा रंग जरा जास्त झाला की ही भावंडं एकमेकांच्या नावानं हाका मारून घेतात.

मोदकच्या कर्त्यांनी काय केलं? पोटातली जागा जवळजवळ सगळी भरून टाकली, पण अक्षर ओळखायला जेवढी लागते तेवढी एक बारीक फट ठेवली. काही ठिकाणी ती इतकी निरुंद आहे की दुरून जाणवतही नाही, पण तीच अक्षराला अक्षरपण देते. मोदकाच्या कळ्या आठवा. गोळा तोच, पीठ तेच, पण बोटांनी कळ्या पाडल्याशिवाय त्याला मोदक कोण म्हणेल? या फॉन्टमधल्या फटी म्हणजे त्या कळ्या. नाव नुसतं गंमत म्हणून ठेवलेलं नाही, ते रचनेलाही लागू पडतं.

आणि हे एकदा करून भागत नाही. इंग्रजीची लहान-मोठी मिळून बावन्न अक्षरं झाली की बरंचसं काम संपतं. आपल्याकडे जोडाक्षरं आहेत. ‘गणेशोत्सव’मधला ‘त्स’ घ्या किंवा ‘स्त्री’ घ्या. एका अक्षराच्या उंचीत दोन-तीन अक्षरांच्या रेषा बसवायच्या, त्याही तेवढ्याच जाड, आणि शेजारच्या साध्या ‘ग’पेक्षा हा डाग जास्त काळा दिसता कामा नये. यंत्रानं फुगवून हे होत नाही. प्रत्येक अक्षर वेगळं बसून काढावं लागतं. मोदकमधला शब्द डोळे किलकिले करून पाहिला तर काळेपणा सगळीकडे सारखा पसरलेला दिसतो. कुठे भोक नाही, कुठे गोळा नाही. ही मेहनत सहज नजरेत भरत नाही, आणि ते त्या मेहनतीचं यशच आहे.

इथे एक फरक सांगायला हवा. मराठी माणसाला देखण्या अक्षरांची सवय नवी नाही. कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी मराठी नाटकांची शीर्षकं वर्षानुवर्षं हातानं रेखाटली. नाटक गंभीर की फार्स, हे वर्तमानपत्रातली जाहिरात पाहूनच कळायचं. पण ते अक्षरांकन होतं. एका नाटकाच्या नावासाठी काढलेली अक्षरं त्याच नावापुरती. तिथला ‘म’ कुणाशेजारी बसणार आहे हे चित्रकाराला आधी माहीत असायचं. फॉन्टच्या ‘म’ला ते भाग्य नाही. त्याला उद्या कुणाहीशेजारी बसावं लागतं, आणि कुठेही बसला तरी शोभावं लागतं. हातानं काढल्याचा जिवंतपणा राखायचा आणि शिवाय सगळ्यांशी जुळवून घ्यायचं, ही तारेवरची कसरत आहे. मोदकला ती साधली आहे. म्हणूनच मी त्याला चांगला फॉन्ट म्हणतो, नुसता गोंडस नाही.

जुन्या सभासदांना आणखी एक गोष्ट आठवेल. एके काळी मराठी फ्लायर ईमेलनं पाठवला की तासाभरात उत्तर यायचं, ‘अहो, नुसते चौकोन दिसतायत!’ मग ‘शिवाजी’ नाहीतर ‘किरण’ फॉन्ट जोडून पुन्हा ईमेल. विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ आला, तो प्रा. र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी घडवलेला. युनिकोडमुळे मराठी अक्षर या कॉम्प्युटरवरून त्या कॉम्प्युटरवर सुखरूप जाऊ लागलं. पण मंगल हा कामाचा फॉन्ट. पडद्यावर मजकूर नीट वाचता यावा हे त्याचं काम, आणि लग्नाच्या पत्रिकेपासून भेळेच्या स्टॉलपर्यंत आपण त्यालाच राबवलं. अशा दिवसांनंतर मोदक आला, तोही फुकट. खुल्या परवान्यामुळे मंडळानं तो बॅनरवर, टी-शर्टवर, मगवर कुठेही वापरला तरी कुणाला एक पैसा द्यावा लागत नाही. तेव्हा आपण त्यावर तुटून पडलो यात आश्चर्य नाही.

इथपर्यंत कौतुक झालं. आता तक्रार. ती मोदकबद्दल थोडी आणि आपल्याबद्दल जास्त आहे.

मोदकला एकच जाडी आहे. त्याला हलकं होता येत नाही, कुजबुजता येत नाही. तो कायम हसरा. हसऱ्या माणसाला सगळीकडे नेता येतं, असं आपल्याला वाटतं. काही काळापूर्वी आपल्या एका ज्येष्ठ सभासदांचं निधन झालं. शोकसभेची सूचना फोनवर आली. फोटो होता, तारीख होती, आणि वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे शब्द मोदकमध्ये. कुणी मुद्दाम केलं नव्हतं. गणपतीच्या फ्लायरचा साचा तयार होता, त्यात नाव बदललं, रंग काळा केला, झालं. शब्द बरोबर होते, शुद्धलेखन बरोबर होतं. तरी मला ती सूचना दुसऱ्यांदा उघडवेना. ज्यांनी इथे पहिली मंगळागौर सुरू केली, पहिल्या पिढीच्या किती तरी बाळंतपणांना ज्या धावून गेल्या, त्यांचा निरोप घेताना अक्षरं गाल फुगवून हसत होती. अक्षराला आवाज असतो हे ज्यांना पटत नाही, त्यांनी एकदा घरी हा प्रयोग करून पाहावा.

दुसरी तक्रार आकाराची. मोदक मोठ्या बॅनरसाठी. हायस्कूलच्या सभागृहात स्टेजमागे लावला तर काय रुबाबदार दिसतो! पण आजकाल आपला फ्लायर भिंतीवर लागतच नाही. तो फोनवर येतो, दोन-तीन इंच रुंदीचा. तिथे त्या बारीक फटी बुजतात आणि उरतो एक काळा ठिपका, शेपटी असलेला. त्यात आपण हौसेनं अक्षराला सोनेरी किनार लावतो, सावली देतो. ही किनार निम्मी बाहेर आणि निम्मी आत पडते, आणि आत तर जागाच नाही. कर्त्यांनी जीव ओतून राखलेली पांढरी फट आपण एका क्लिकमध्ये लिंपून टाकतो. टी-शर्टवर भरतकाम करून घेतलं तर दोरा तेच करतो.

पण सगळ्यात मोठी गोष्ट वेगळीच आहे, आणि तिच्यासाठीच मी हा लेख लिहायला घेतला.

आपण वाचायला कुठे शिकलो? शाळेत, हे खरं. पण आठवा, शाळेपेक्षा जास्त रस्त्यावर. एसटीच्या कपाळावरची गावाची पाटी, किराणा दुकानाचा बोर्ड, पेंटरनं रंगवलेलं ‘येथे थुंकू नये’, सिनेमाची पोस्टरं, न्हाव्याच्या दुकानाची काच, वर्तमानपत्राचा मथळा. एकच ‘क’ शंभर हातांनी काढलेला आपण पाहिला. जाड, बारीक, तिरका, सावलीवाला, घाईत काढलेला. त्यामुळे ‘क’ म्हणजे नक्की काय, हे आपल्या डोळ्यांत पक्कं बसलं. कुठल्याही वेषात आला तरी तो आपल्याला ओळखू येतो.

आपल्या मुलांना हा रस्ता नाही. रविवारी मराठी शाळेत दीड तास, आणि त्याबाहेर मराठी अक्षर त्यांना दिसतं ते मंडळाच्या फ्लायरवर. म्हणजे इथे फ्लायर हाच त्यांचा रस्ता. त्या रस्त्यावर जर एकाच माणसानं रंगवलेल्या पाट्या असतील, आणि त्या अक्षरांच्या पोटातली खूण बुजलेली असेल, तर पोरं शिकणार काय? मी मराठी शाळेत मदतीला जातो. एकदा स्नेहसंमेलनाचा उरलेला बॅनर वर्गात लावला होता. एका चुणचुणीत मुलीनं त्यावरचा ‘बटाटेवडा’ मोठ्यानं वाचला, ‘वटाटेवडा’. सगळे हसले, तीही हसली. पण तिचं चुकलं नव्हतं. त्या ‘ब’वर सोनेरी किनार चढवलेली होती, आणि पोटातली तिरकी रेघ तिला दिसतच नव्हती. आपण मोठी माणसं अक्षर न पाहताच शब्द ओळखतो. मुलाला ते अक्षर खरोखर पाहावं लागतं.

हा दोष मोदकचा नाही. पक्वान्नाला वरणभाताचं काम देणाऱ्यांचा आहे. मोदकची रोमन अक्षरंही तितकीच गुबगुबीत आहेत, त्यामुळे मराठी आणि इंग्रजी शब्द शेजारी शेजारी सख्ख्या भावंडांसारखे दिसतात. देवनागरी न वाचणाऱ्या आपल्या सुना-जावयांसाठी ही मोठी सोय. पण ती सोय इतकी गोड आहे की हळूहळू फ्लायरवरचे मराठी शब्द कमी होतात आणि मोदकमधली इंग्रजी अक्षरं तेवढी उरतात. मराठी चव, मराठी अक्षर नाही. हा मोदक सारणाशिवायचा!

मग करायचं काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे चार गोष्टी सुचवतो.

पहिली, मोदक जरूर वापरा, पण जिथे आनंद आहे तिथे. गणपती, बालदिन, हळदीकुंकू, खाऊगल्ली. एका फ्लायरवर दोन-तीन शब्द, मोठे, किनारीशिवाय. अक्षरांमधलं अंतर इंग्रजीच्या सवयीनं वाढवू नका. तसं केलं की शिरोरेखा तुटते आणि दात पडल्यासारखं दिसतं.

दुसरी, तारीख, वेळ, पत्ता आणि मजकूर यांना साधा फॉन्ट द्या. एक टाइपचाच ‘मुक्ता’ आहे. तो सात जाड्यांत मिळतो, स्वच्छ वाचता येतो, आणि श्रद्धांजलीच्या सूचनेतही शोभतो. निवडलेल्या फॉन्टात ‘ळ’ नीट आहे का, ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ उमटतो का, हे आधी पाहा. ‘ल’ पाकळीचा आणि ‘श’ देठाचा, हे महाराष्ट्र शासनानं २००९ मध्ये ठरवून दिलेलं मराठी वळण. पुष्कळ फॉन्टांत ते आत दडलेलं असतं, आणि सॉफ्टवेअरला मजकुराची भाषा मराठी आहे असं सांगितलं तरच बाहेर येतं.

तिसरी, आवाज वाढवा. मोदकचा भाऊ शोभेल असा ‘बालू’ आहे, तोही गोलमटोल, पण पोटात मोकळी जागा असलेला. ‘यात्रा’ आहे, मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या हातानं रंगवलेल्या पाट्यांवरून कॅथरीन ली श्मिट यांनी घडवलेला. सहलीच्या फ्लायरला तो द्या. आमच्या पिढीला त्यात दादर दिसेल आणि मुलांना ‘क’चं आणखी एक रूप.

चौथी, बाहेर छापायला देताना अक्षरांचं चित्र करून, म्हणजे आउटलाइन करूनच द्या. इथल्या एका दुकानानं आमच्या शिवजयंतीच्या टी-शर्टांवर ‘शि’ची वेलांटी उचलून ‘श’च्या पलीकडे नेऊन ठेवली होती. दुकानदाराला मराठी येत नाही हा त्याचा दोष नाही, पण शर्ट आपण घालतो.

आणि एक मागणं. पुढच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावरचं नाव कुठल्याच फॉन्टमध्ये नको. मराठी शाळेतल्या मुलांना मोठे कागद आणि जाड ब्रश द्या, आणि प्रत्येकाला एकेक अक्षर काढू द्या. ‘स्म’ जमायला जरा वेळ लागेल. ‘ण’चं पोट कुणी उलटं काढील. मोदकची सुरुवातही अशीच हातानं झाली होती. एकदा स्वतःच्या हातानं ‘ब’च्या पोटात रेघ मारली, की ते मूल पुन्हा ‘वटाटेवडा’ वाचणार नाही.

संपादक मंडळानं हो म्हटलं तर ब्रश आणि रंग माझ्याकडून. तोवर ‘गणपती बाप्पा मोरया’ मात्र मोदकमध्येच लिहा!